पिपोबाचं सातवं घरटं

कराडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या गल्लीत शैलाबाईंची खानावळ होती. तिला पाटी नव्हती. आमटीला फोडणी बसली की तिचा वासच गल्लीच्या तोंडाशी जायचा आणि पोरांना हाताला धरून आत आणायचा. शैलाबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांच्या पंगतीतून उठून गेलेली पोरं पूल बांधत होती, धरणं बांधत होती, एक तर म्हणे आगबोटीवर होता. पोरगा हुशार आहे की ढ, श्रीमंताचा आहे की कडकीतला, याच्याशी शैलाबाईंना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा नियम एकच होता. जेवायला बसलेला अर्धपोटी उठायचा नाही.

"काकू, पुरे. उद्या पेपर आहे, झोप येईल," असं कुणी म्हणालं की त्या भाकरी हातात घेऊन तिथेच उभ्या राहायच्या.

"पेपरात नापास झालास तर तुझं तू बघ. माझ्या ताटावरून उपाशी उठलास तर नाव माझं जातं."

भाकरी ताटात पडायचीच.

त्याच पोरांच्या घोळक्यात वाढलेला त्यांचा सुमंत इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत पार्सिपनीला नोकरीला लागला. ज्ञानदाशी त्याचं लग्न झालं, केया झाली. पुढे शैलाबाईंचे यजमान वारले, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी खानावळीची मोठी पातेली भाचीच्या हवाली केली आणि लेकाकडे आल्या. हाताला बसलेलं एक उलथनं तेवढं बॅगेत घालून आणलं.

नवा देश म्हणून त्या बिचकल्या नाहीत. पंगती उठवलेल्या बाईला तीन माणसांचा संसार तो काय! फोडणी टाकली की छताला लावलेलं, धूर ओळखणारं एक यंत्र बोंबलायचं. त्याच्याशीही त्यांनी जमवून घेतलं: आधी खिडकी उघडायची, मग मोहरी टाकायची. इंग्रजी मात्र त्यांच्याकडे नव्हतं. मराठी पेपर त्या बोट ठेवून, मोठ्याने वाचायच्या. इंग्रजी अक्षरं दिसली की नजर त्यांच्यावरून अशी जायची, जशी अनोळखी माणसांच्या लग्नातल्या फोटोवरून जाते.

केया होती पाच वर्षांची, किंडरगार्टनमध्ये. बोलायची भराभर, निम्मं इंग्रजी आणि निम्मं स्वतःचंच काहीतरी. तिचा जीव भलत्या गोष्टींत अडकायचा. ज्ञानदाने तिला रांगत होती तेव्हापासून शिकवलं होतं की मुंगीवर पाय द्यायचा नाही, फुलपाखरू पकडायचं नाही. लेकीने ते शिकवणं फार मनावर घेतलं. पाऊस पडून गेला की त्यांच्या कॉम्प्लेक्समधल्या फुटपाथवर गांडुळं यायची. केया एकेकाला झाडाच्या पानावर घेऊन गवतात सोडायची. तिकडे स्कूल बस उभी, ड्रायव्हर घड्याळाकडे बघतोय, आणि ही खाली वाकलेली.

"चल गं बाई, त्यांची आई येईल त्यांना न्यायला," शैलाबाई म्हणायच्या.

"आजी, त्यांना आई नसते. ओन्ली डर्ट असते."



शाळा सुरू झाली तेव्हा मुलांना वाचायला शिकवणारा एक गेम शाळेने दिला. घरच्या टॅबवर केयाच्या नावाने तो उघडायचा. रोज थोडा वेळ खेळलं की झालं. त्यात एक पक्ष्याचं पिल्लू होतं, नाव पिप. ते घरट्यात चोच वासून बसलेलं. खाली मातीतून तीन गांडुळं डोकी वर काढायची आणि प्रत्येकाच्या अंगावर एकेक अक्षर असायचं. गोड आवाजात एक बाई 'म्म्म' म्हणायची. तो आवाज ज्या अक्षराचा, त्या गांडुळावर बोट ठेवायचं. बरोबर आलं की पिप ते गट्ट करायचा, टाळ्या वाजायच्या. चुकलं की तिन्ही गांडुळं सुळकन बिळात जायची आणि पिपचं तोंड उघडं ते उघडंच. पुरेसं खाल्लं की त्याला पिसं फुटायची आणि तो पुढच्या, अजून उंच घरट्यात जायचा. तिथे अक्षरांचे शब्द व्हायचे, शब्दांची वाक्यं व्हायची.

केयाला हा गेम अजिबात आवडला नाही. बसवली की भराभर बोटं मारायची, सगळं चुकवायची आणि उड्या मारत निघून जायची. ज्ञानदाचा जीव कासावीस व्हायचा. ती ऑफिसातून यायची, हातपाय धुवायच्या आधी टॅब बघायची आणि सुमंतला म्हणायची, "एकही राइट नाही, सुमंत. एकही! बाकीची मुलं थर्ड नेस्टला पोचली."

"पाच वर्षांची आहे ती. होईल यार."

"तुला सगळंच होईल असं वाटतं."

शाळेतही तीच गत दिसली असावी. बाईंनी, म्हणजे मिस हॅलोरननी, केयाला सकाळच्या मदतीच्या टेबलावर बसवलं. तिथे दोन-चार मुलांना घेऊन त्या स्वतः हळूहळू शिकवायच्या. केया तिथे खूश होती. तिच्या शेजारी आन्या नावाची मुलगी बसायची आणि त्या दोघींचं फार गूळपीठ होतं.

आता यात शैलाबाईंचा काय संबंध? तर टॅब जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा आणि पिप उपाशी असायचा.

दुपारी घर रिकामं झालं, भांडी आवरली की त्या चहा घेऊन बसायच्या. समोर ते पिल्लू. खेळ कुणी खेळला नाही तर ते मान टाकायचं, पिसं विस्कटायची, डोळे मोठे करून बघायचं, आणि मधूनच बारीक आवाजात चिवचिवायचं. शैलाबाईंनी एक दिवस सोसलं, दुसऱ्या दिवशी टॅब पालथा घालून बघितला. पालथा पडूनही ते चिवचिवलं.

"अरे, काय खानावळ आहे का ही?" त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःच हसल्या, कारण खानावळच होती.

त्यांनी चष्मा चढवला. बाई म्हणाली, 'म्म्म.' शैलाबाईंनी एका गांडुळावर बोट ठेवलं. चुकलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा चुकलं. बाईच्या आवाजात राग नाही, कंटाळा नाही. पहिल्यांदा म्हणाली होती तशीच ती पुन्हा म्हणाली, 'म्म्म.' शैलाबाईंना त्यांचे गावचे गुरुजी आठवले. दुसऱ्यांदा विचारलं की त्यांची छडी बोलायची. ही बाई दिवसभर विचारलं तरी न चिडणारी. मास्तर असावा तर असा, त्यांना वाटलं, आणि ज्याला दोन डोंगर आहेत ते अक्षर 'म्म्म'चं, हे त्यांनी मनात पक्कं केलं. गांडूळ चोचीत गेलं. पिप हसला.

"जेव बाबा," शैलाबाई म्हणाल्या. "किडे खातोस, पण तुझ्या जातीला तेच."

त्या दिवसापासून पिपचा पिपोबा झाला, आणि दुपारचा चहा त्याच्यासोबत. लपवाछपवी काही नव्हती. त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. तुळशीला पाणी घातलं हे कुणी सांगत बसतं का? शिवाय खानावळीत कधी असा हिशेब नसायचा की कुणाच्या ताटात कुणी वाढायचं. ज्याचा हात मोकळा त्याने वाढावं, जेवणाऱ्याचं पोट भरल्याशी कारण. टॅबवर केयाचं नाव आहे एवढंच त्यांना ठाऊक. त्या नावाखाली काय काय मोजलं जातं आणि ते शाळेत जाऊन कुणाला दिसतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

पिपोबा वाढला. दुसऱ्या घरट्यात गेला, तिसऱ्यात गेला. शैलाबाईंना एक मौज कळली: इंग्रजीचंही शेवटी आपल्यासारखंच, आवाजाला आवाज जोडायचा. 'म', 'ग' आणि मधे थोडासा 'अ', झाला 'मग'. चहा ज्यात होता तोच की! दुधाच्या कॅनवर 'मिल्क' दिसायला लागलं. दाराबाहेरचं 'मॅट' दिसलं. आणि एके दिवशी संध्याकाळी शेजारच्या नीलाताईंबरोबर फिरताना चौकातल्या लाल पाटीपुढे त्या थांबल्या.

"स्टॉप," शैलाबाई म्हणाल्या.

"का हो, गुडघा दुखतोय?" नीलाताईंनी विचारलं. त्यांना या देशात चाळीस-एक वर्षं झाली होती. मिस्टर डॉक्टर, आता दोघं रिटायर.

"गुडघा नाही. पाटी. स्टॉप लिहिलंय."

नीलाताई पाटीकडे वळल्या. "शैलाताई, कुणाकडे शिकवणी लावली?"

"एक पाखरू आहे. त्याला भरवते, ते मला शिकवतं."

"अगंबाई! मग आता काय, ड्रायव्हिंग लायसन्स?"

"कशाला? तुम्ही आहात ना ड्रायव्हर."

नीलाताई इतक्या हसल्या की समोरून येणाऱ्या कुत्रेवाल्या साहेबांनी वाट सोडली.

जानेवारीत, बाहेर बर्फाचे ढीग असताना, शाळेची ईमेल आली. ज्ञानदाने जेवताना फोनवर ती बघितली आणि खुर्चीतून उठलीच.

"सुमंत! सातवं घरटं! आपली केया सेवन्थ नेस्टला आहे. मिस हॅलोरन म्हणतात, टेबलावर तिला सगळे साउंड्स येतात आणि घरचा स्कोअर तर वर्गात टॉप आहे. या सोमवारपासून तिला मोठ्या, चांगलं वाचणाऱ्या मुलांच्या टेबलावर घेतलंय. आणि या शुक्रवारी पेरेंट्ससमोर मोठ्या टेबलाची मुलं एकेक पान वाचणार. ऐकलंत का, आई?"

शैलाबाईंचा घास हातातच राहिला होता.

"सातव्यात मी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे केया नाही. पिपोबाला मी भरवते. दुपारी."

सुमंत हसला. "आई, जोक नको करूस."

"जोक कशाला करू? आण तो टॅब."

टॅब आला. शैलाबाईंनी हात पुसला, चष्मा चढवला. पडद्यावर ओळ उमटली. त्यांनी शब्दाखाली बोट सरकवत, पेपर वाचायच्या चालीवर वाचलं, "द... फॅट... पिग... इज... इन... द... मड." मग चार चित्रांतलं चिखलातल्या डुकराचं चित्र बोटाने दाबलं. पिपोबाने पंख फडफडवले.

सुमंतचं तोंड पिपोबासारखंच उघडं राहिलं. "आई, तू इंग्लिश वाचतेस?"

"या पाखरापुरतं."

ज्ञानदा मात्र खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, हा तिचा होमवर्क होता."

"होमवर्क कसला? पाखरू उपाशी होतं."

"ते पाखरू खरं नाहीये, आई!"

"एवढं मलाही कळतं. पण तोंड वासून बघतं ना माझ्याकडे."

"आणि आता केयाचं काय? मोठ्या टेबलावर बसवलंय तिला. तिला नुसते साउंड्स येतात, एवढं वाचता येत नाहीये, आणि सगळ्या पेरेंट्ससमोर..." ज्ञानदाने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, आपोआप जमलं तिला. मी ऑफिसात सांगितलं सगळ्यांना."

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. केया केव्हाच तिथे जाऊन बसली होती. "माझं टमी दुखतंय. फ्रायडेला मी स्कूलला नाही जाणार. ते पेज खूप लाँग आहे. आन्या पण नाहीये तिकडे."

शैलाबाईंनी वाकून बघितलं. गुडघ्यांत डोकं घालून बसलेली ती एवढीशी पोर. त्यांच्या पंगतीत असं बसलेलं पोर त्यांनी कधी तसंच जाऊ दिलं नव्हतं. इथे तर तिच्या ताटात त्यांनीच भलतं वाढून ठेवलं होतं.

"ज्ञानदा, रडू नको," त्या म्हणाल्या. "जास्तीचं मी वाढलं, तर काढूनही मीच घेते. उद्या मला शाळेत घेऊन चल."

"तुम्ही काय बोलणार, आई?"

"खरं बोलणार. त्याला कितीसं इंग्रजी लागतं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळे वर्गात बसले. खुर्च्या मुलांच्या मापाच्या. सुमंतचे गुडघे कानाला लागत होते. शैलाबाई एका बुटक्या स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या, पाटावर बसावं तशा. मिस हॅलोरन चांगल्या उंचनिंच, पिकल्या केसांच्या बाई, गळ्यात रंगीत मण्यांची माळ. ज्ञानदा घसा साफ करून सुरुवात करणार, तेवढ्यात शैलाबाईच बोलल्या.

"मॅडम. बर्ड, मी. नो केया. ऑल फूड, मी."

मिस हॅलोरननी सुमंतकडे बघितलं. सुमंतने सगळं नीट सांगितलं. बाई आधी हसल्या, मग अगदी आदराने शैलाबाईंना काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणते?" शैलाबाईंनी विचारलं.

"म्हणतात, सातव्या घरट्यापर्यंत जाणारी आजी त्यांनी पहिल्यांदा पाहिली."

"ते राहू दे. पोरीचं काय ते विचार."

बाईंच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. सुमंत त्यांचं बोलणं एकेक वाक्य करून मराठीत सांगत राहिला. केयाला टेबलावर सगळे आवाज येतात, कार्डावरचे छोटे शब्दही येतात. मग घरी ती एवढी चुकते कशी? त्यांनी नवीन नावाने गेम उघडला आणि टॅब केयापुढे ठेवला. सगळे वाकून बघायला लागले.

गोड आवाज म्हणाला, 'स्स्स.' तीन गांडुळं वर आली. केयाने बोट ठेवलं. चूक. गांडुळं बिळात पळाली. पुन्हा तीन आली. पुन्हा चूक. पुन्हा चूक. ज्ञानदाने डोळे मिटून घेतले.

शैलाबाई पिपोबाकडे बघत होत्या. नवं नाव, त्यामुळे तो पुन्हा अंड्यातून बाहेर पडलेला, बोडका, चोच वासलेला. उत्तर त्यांना येत होतं, समोर चमचमत होतं. त्यांचा हात आपसूक पुढे गेला. केयाने तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

"आजी, नो! तो त्याला खाईल!"

मिस हॅलोरन केयासमोर गुडघ्यांवर बसल्या. कोण कुणाला खाईल, त्यांनी हळूच विचारलं.

केयाने आधी पडद्यावरचं बरोबर गांडूळ दाखवलं. मग सगळ्यांना समजेल अशा बेताने, आईला सांगितलं, "राइट आन्सर दिला की पिप त्याला खातो. राँग दिला की सगळे वर्म्स घरी जातात."

"म्हणजे तुला राइट आन्सर माहीत होता?" ज्ञानदाने विचारलं.

"ऑफ कोर्स, ममा. नाहीतर राँग कसा देणार?"

सुमंतने तोंडावर हात धरला. शैलाबाईंना फुटपाथ आठवला, झाडाचं पान आठवलं, थांबलेली बस आठवली. एकाच टॅबवर सकाळी एक बाई गांडुळं वाचवत होती आणि दुपारी दुसरी बाई तीच गांडुळं पाखराला चारत होती. शाळा बिचारी दोघींची बेरीज करत बसली होती.

"मुलखाची चिवट आहेस गं," त्या नातीला म्हणाल्या. "कुणावर गेलीस?"

"तुमच्यावर," ज्ञानदा म्हणाली. आणि भरल्या डोळ्यांनी तिला हसू आलं.

मिस हॅलोरननी टॅब बाजूला ठेवला आणि कपाटातून एक छोटं पुस्तक काढलं. त्यात कोंबडी होती, पण ती कुणाला खात नव्हती. केयाने बोट ठेवलं. "द... रेड... हेन... सॅट... ऑन... द..." आणि थांबली.

"रग," शैलाबाई म्हणाल्या. राहवलंच नाही.

मिस हॅलोरननी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे बघितलं आणि सुमंतला काहीतरी सांगितलं. सुमंत जरा चाचरला. "आई, त्या म्हणतात, ती अडली की तिच्या तोंडात शब्द घालू नकोस. थांब. शब्दाची भूक तिला लागू दे."

"पोरीला भूक लागू दे म्हणते?" शैलाबाईंना हे अघोरी वाटलं. "असली कसली शिकवण?"

"तुला त्या टॅबमधल्या बाईने शब्द सांगितला होता का कधी?"

शैलाबाईंनी आठवून बघितलं. नव्हता सांगितला. ती बाई आवाज द्यायची आणि वाट बघायची. कितीही वेळ.

शेवटी ठरलं ते असं. केयाने ना मदतीच्या टेबलावर बसायचं, ना मोठ्या. मधल्या टेबलावर बसायचं. आन्याही सोमवारपासून तिथेच यायची होती. पिपोबाकडून केयाला सुट्टी, तिने कागदाची पुस्तकं न्यायची. आणि शुक्रवारी वाचायचं की नाही, हे केयाने ठरवायचं. वाटलं तर त्या कोंबडीच्या पुस्तकातलं एक छोटं पान.

केयाने बुटाचं टोक जमिनीवर घासलं. "आजी येणार असेल तर वाचीन," ती म्हणाली.

शैलाबाईंना वाटलं होतं, काम झालं. खरं काम तर घरी आल्यावर सुरू झालं. संध्याकाळी केया पुस्तक घेऊन शेजारी बसायची, अडायची, आणि शैलाबाईंच्या जिभेच्या टोकावर शब्द येऊन उभा राहायचा. ताट रिकामं दिसतंय, हातात भाकरी आहे, आणि वाढायचं नाही! असलं पथ्य त्यांनी जन्मात पाळलं नव्हतं. एकदा त्यांनी ओठ हलवले, तर केयाने झटकन त्यांच्या ओठांकडे बघून वाचलं. ते ज्ञानदाने पकडलं.

"आई, चीटिंग!"

"मी कुठे बोलले?"

"ओठ बोलले तुमचे."

मग त्यांनी उपाय काढला. वाचन सुरू झालं की बडीशेप तोंडात टाकायची. तोंड कामात राहतं, आणि जीभ तिथे अडकते. निम्मी डबी त्यातच संपली.

शुक्रवारी वर्गात आईबापांची गर्दी. शैलाबाई पहिल्या रांगेत, नवा स्वेटर, तोंडात बडीशेप. शेजारी ज्ञानदा, तिच्या पलीकडे सुमंत. मोठ्या टेबलाची मुलं खडाखडा वाचून गेली. टाळ्या झाल्या. मग मिस हॅलोरननी केयाकडे बघितलं. तिने मानेने हो म्हटलं आणि पुस्तक घेऊन पुढे आली.

आवाज बारीक होता, पण निघाला. "द रेड हेन गॉट अप. द रेड हेन रॅन. शी रॅन टू हर..."

आणि अडली.

शब्द शैलाबाईंना येत होता. येणार नाही तर काय! दुपारच्या दुपार त्यांनी तोच शब्द पडद्यावर बघितला होता. केयाने मान वर केली आणि सरळ आजीकडे बघितलं, डोळे मोठे करून. पिपोबा बघायचा अगदी तसं. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. शैलाबाईंनी बडीशेप चावायचीसुद्धा थांबवली. शेजारी ज्ञानदा पुढे झुकली, तिने श्वास आत घेतला, आता ती कुजबुजणार एवढ्यात शैलाबाईंनी तिचा हात आपल्या हातात दाबून धरला.

"थांब," त्या म्हणाल्या, फक्त तिला ऐकू जाईल इतकं. "उपाशी नाही मरायची."

केयाने त्या दोघींकडे बघितलं. इथे काही मिळणार नाही हे तिला कळलं असावं. तिने मान पुन्हा खाली घातली, बोट शब्दाच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं.

"न्... ए... स्..." बोट सरकलं. "ट्. नेस्ट! शी रॅन टू हर नेस्ट!"

पुढची ओळ तिने न थांबता वाचली, आणि शेवटचा शब्द तर इतक्या जोरात म्हणाली की मागच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून उठलं. टाळ्या वाजल्या. ज्ञानदाच्या हातावर शैलाबाईंची बोटं उमटली होती. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

केया धावत आली आणि आजीच्या मांडीवर आदळली.

"पाहिलंस? यू डिडन्ट टेल मी!"

"नाही सांगितलं."

"मला आता खूप भूक लागलीय."

"ही कशी आता ऐकण्यासारखी भूक," शैलाबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली. आत रुमालात बांधलेला डबा होता, डब्यात तूप लावलेली धपाटी, अजून कोमट. शाळेत बाहेरचं खाणं चालतं की नाही हे ज्ञानदा विचारायला उठेपर्यंत पहिला घास केयाच्या तोंडात गेलाही होता, आणि आन्या हात पुढे करून रांगेत उभी होती.